आधी दुप्पट करायचं, मग दोनदा वाटायचं: मायोसिसचा हा द्राविडी प्राणायाम कशासाठी?

रानजाई (प्रश्न)

नमस्कार. मी बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे. मायोसिस, म्हणजे शुक्रपेशी-अंडपेशी तयार करणारं पेशीविभाजन, त्याच्या सगळ्या पायऱ्या मला पाठ आहेत. लेप्टोटीन, झायगोटीन, पॅकिटीन, डिप्लोटीन, डायाकायनेसिस. आकृत्याही न बघता काढते. पण हे सगळं असंच का, ते काही केल्या उमगत नाही.

माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात. २३ आईकडून आलेली, २३ वडिलांकडून. शुक्रपेशीत किंवा अंडपेशीत २३ हवीत. मग सरळ मार्ग असा की जोड्या समोरासमोर लावाव्यात, प्रत्येक जोडीतलं एक गुणसूत्र इकडे, एक तिकडे, आणि एकाच विभाजनात काम संपवावं. पेशी मात्र आधी सगळ्या डीएनएची प्रत काढते. म्हणजे निम्मं करायला बसली आणि दुप्पट करून ठेवलं! मग जोड्या वेगळ्या करते आणि नंतर पुन्हा एकदा विभागून त्या काढलेल्या प्रती वेगळ्या करते. शेवटी हाती तेच २३.

दुसरा प्रश्न क्रॉसिंग ओव्हरचा, म्हणजे जोडीतली गुणसूत्रं आपसांत तुकडे बदलतात त्याचा. सगळीकडे एकच वाक्य असतं, की त्यानं विविधता निर्माण होते. मान्य. पण विविधतेचा फायदा पुढच्या पिढ्यांना. जी पेशी आत्ता विभागते आहे तिचं स्वतःचं त्यात काही अडतं का? क्रॉसिंग ओव्हर झालंच नाही तर त्या पेशीचं काही बिघडेल का?

कुणी नीट समजावून सांगेल का? परीक्षेसाठी नको आहे, मला खरंच कळून घ्यायचंय.

सह्यकडा

विविधता हे उत्तर कमी लेखू नकोस. क्रॉसिंग ओव्हर बाजूला ठेवलं तरी २३ जोड्यांतलं कुठलं गुणसूत्र कुठल्या बाजूला जाणार हे प्रत्येक जोडीचं स्वतंत्र ठरतं. दोनाचा तेविसावा घात म्हणजे ८३,८८,६०८ प्रकारच्या शुक्रपेशी एका पुरुषात, तेवढ्याच प्रकारच्या अंडपेशी एका स्त्रीत. एका जोडप्याला होऊ शकणाऱ्या अपत्यांचे प्रकार ७० लाख कोटींच्या वर जातात. त्यात क्रॉसिंग ओव्हरची भर घातली की आकड्याला अर्थच उरत नाही. सख्खी भावंडं एकमेकांसारखी असून वेगळी का, त्याचं उत्तर हेच.

दुप्पट का करते, ते मात्र मलाही वाचायला आवडेल.

कार्मिन

रानजाई, तुझ्या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातच पहिल्याचं उत्तर आहे. म्हणून उलट्या क्रमानं घेते.

मी नाशिक जिल्ह्यातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची, आता निवृत्त आहे. आमच्या भागात मायोसिस बघायला कांद्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. बियाण्यासाठी लावलेल्या कांद्याला थंडीत डेंगळे येतात. त्यांच्या टोकाचा गोंडा पातळ पापुद्रा फोडून बाहेर यायच्या बेतात असला की सकाळी जाऊन तो खुडायचा. तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ॲसेटिक ॲसिड, त्यात कळ्या एक दिवस बुडवून ठेवायच्या. मग एका कळीतले परागकोश काढून ॲसेटोकार्मिनच्या थेंबात ठेचायचे, वर कव्हरस्लिप ठेवायची, स्पिरिटच्या दिव्यावर जराशी ऊब द्यायची आणि टिपकागदाखाली अंगठ्यानं सरळ दाब. अंगठा घसरला की पेशी चिरडतात. कळी मोठी असेल तर आत तयार परागकण दिसतात, फार लहान असेल तर काही सुरूच झालेलं नसतं. पण एका गोंड्यात सगळ्या वयाच्या कळ्या असतात, म्हणून शोधणाऱ्याला मिळतंच.

मिळाल्यावर काय दिसतं? कांद्याच्या पेशीत १६ गुणसूत्रं असतात. पहिल्या विभाजनाच्या मध्यावस्थेत ती १६ सुटी दिसत नाहीत, आठ जोड्या दिसतात. आणि या जोड्या नुसत्या शेजारी उभ्या नसतात, एकमेकींत अडकलेल्या असतात. कुठे दोन्ही टोकांना अडकून कडं झालेलं, कुठे मधोमध अडकून फुली झालेली, कुठे एकाच टोकाला धरून ठेवलेली काठी. मी प्रत्येक विद्यार्थ्याला डोळा लावायला सांगून एकच प्रश्न विचारायची: या दोघांना धरून कोण ठेवतंय?

धरून ठेवणारी ती जागा म्हणजे कायझ्मा. जिथे क्रॉसिंग ओव्हर झालं, तीच ही जागा. बेल्जियममधल्या यान्सेन्स यांनी १९०९ मध्ये सॅलमँडरच्या पेशी बघून हा विचार मांडला. गुणसूत्रांचे तुकडे खरोखर बदलले जातात याचा डोळ्यांनी दिसणारा पुरावा १९३१ मध्ये हॅरिएट क्रेटन आणि बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्यावरून दिला. मक्याच्या एका गुणसूत्राच्या टोकाला गोळी होती, दुसऱ्या टोकाला जास्तीचा तुकडा होता, आणि त्या खुणा दाण्याच्या गुणांबरोबर कशा फिरतात ते त्यांनी दाखवलं. मला हा प्रयोग अजूनही फार आवडतो. खुणेचं गुणसूत्र निवडण्यातच अर्धं काम झालं होतं.

आता तुझा मुद्दा. क्रॉसिंग ओव्हर झालं नाही तर पेशीचं काही अडतं का? अडतं, आणि अगदी त्याच विभाजनात अडतं. ही अदलाबदल म्हणजे जोडी बांधून ठेवणारी गाठ आहे. विविधता हा तिचा मोठा परिणाम आहे, पण पेशीला ती आधी वाटणी नीट व्हावी म्हणून हवी असते.

कशी ते बघ. विभाजनाच्या वेळी दोन्ही ध्रुवांकडून तंतू येतात आणि गुणसूत्रांना पकडतात. पण पकड बरोबर आहे की नाही हे पेशीला कसं कळणार? ताणावरून कळतं. जोडीतल्या एकाला वरच्या ध्रुवानं आणि दुसऱ्याला खालच्या ध्रुवानं धरलं, आणि दोघं एकमेकांना बांधलेले असले, तर मध्ये ताण येतो. रस्सीखेच असते तसं: दोन्ही बाजूंनी ओढलं तरच दोर ताठ होतो. ताण आला की पकड टिकते. दोघांनाही एकाच ध्रुवानं धरलं असेल तर दोर ढिला राहतो, पकड सुटते आणि तंतू पुन्हा नव्यानं चाचपडतात. अमेरिकेत ब्रूस निकलस यांनी नाकतोड्याच्या जिवंत पेशीत काचेची अतिसूक्ष्म सुई घालून हे करून दाखवलं. चुकीच्या बाजूला पकडलेल्या जोडीला त्यांनी सुईनं हलकेच ओढून धरलं, म्हणजे खोटा ताण दिला, तर पेशीनं ती चुकीची पकडसुद्धा टिकवून धरली. सुई काढली की पेशी ती दुरुस्त करायला लागायची. त्यांचा हा निबंध १९६९ चा आहे. एवढ्या बारीक जागी, एवढ्या स्थिर हातानं केलेलं काम बघितलं की मन भरून येतं.

म्हणजे गाठ नसेल तर ताण नाही, आणि ताण नसेल तर कोण कुठे जाईल याची खात्री नाही.

आता दुप्पट का करायचं? समज, तू म्हणतेस तशी प्रत न काढता दोन एकेरी धागे समोरासमोर आणले आणि त्यांनी टोकं बदलली. झालं काय? दोन धागेच राहिले. प्रत्येकाचं टोक दुसऱ्याचं, पण दोघं पूर्णपणे सुटे. गाठ बसलीच नाही.

हेच प्रत काढून कर. आता प्रत्येक गुणसूत्रात दोन सारखे धागे आहेत आणि ते दोन धागे कोहेसिन नावाच्या प्रथिनानं लांबीभर एकमेकांना चिकटवलेले आहेत. आईकडच्या गुणसूत्राच्या एका धाग्यानं वडिलांकडच्या एका धाग्याशी टोक बदललं. दुसरे दोन धागे जसेच्या तसे. बदललेलं टोक मात्र अजूनही आपल्या जुन्या जुळ्या धाग्याला चिकटलेलंच आहे, आणि तो जुळा धागा समोरच्या बाजूला आहे. म्हणजे इकडचा एक धागा तिकडे गुंतला आणि तिकडचा इकडे. आता ओढ. सुटत नाही! ही झाली गाठ. कागद-पेन्सिल घे, दोन रंगांत चार रेघा काढ आणि एक अदलाबदल करून बघ. हाताला लगेच कळेल.

तेव्हा आधी काढलेली प्रत वाया जात नाही. गाठ बसायला लागणारा जास्तीचा धागा तिच्यातून मिळतो. आणि एकदा प्रत काढली की ती वेगळी करायला दुसरं विभाजन लागणारच. बहुतेक अभ्यासक असंही मानतात की मायोसिस हे शरीराच्या पेशी वाढवणाऱ्या साध्या सूत्री विभाजनातूनच घडत आलं, आणि त्याची सुरुवात प्रत काढण्यापासूनच होते. म्हणजे पहिली पायरी वारशात मिळालेली, तिच्यावर ही गाठ बांधली गेली.

गाठ सुटते कशी, तेही सांगते, कारण सगळ्यात सुंदर भाग तो आहे. पहिल्या विभाजनात सेपरेज नावाचं विकर गुणसूत्रांच्या बाहूंवरचं कोहेसिन कापतं. बाहू सुटले की गाठ सुटते आणि जोडी दोन ध्रुवांकडे जाते. पण गुणसूत्रबिंदूजवळचं, म्हणजे तंतू जिथे पकडतात त्या जागेजवळचं, कोहेसिन तेव्हा कापलं जात नाही, कारण तिथे शुगोशिन नावाचं प्रथिन त्याचं रक्षण करत असतं. म्हणून जुळे धागे अजून एकत्र राहतात. दुसऱ्या विभाजनात ते रक्षण उठतं आणि उरलेलं कोहेसिनही कापलं जातं. एकच चिकटपट्टी, दोन टप्प्यांत काढलेली. ही दोन टप्प्यांची शिस्त नसती तर पहिल्याच ओढीत चारही धागे विखुरले असते.

अजून एक. अदलाबदल योगायोगानं होत नाही. पेशी स्वतः आपल्या डीएनएचे दोन्ही पदर मुद्दाम तोडते. यीस्टमध्ये १९९७ साली कळलं की हे तोडण्याचं काम स्पो-११ नावाचं प्रथिन करतं. मग ती तूट समोरच्या जोडीदाराच्या आधारानं सांधली जाते. सगळ्या तुटींचं क्रॉसिंग ओव्हर होत नाही, पण प्रत्येक जोडीला किमान एक मिळावं अशी व्यवस्था असते. आपल्या पुढच्या पिढीसाठी राखलेल्या पेशीनं स्वतःचाच डीएनए तोडायचा, हा केवढा मोठा धोका आहे बघ. एवढा धोका पत्करला जातो, म्हणजे गाठ किती गरजेची असेल!

आणि कांदा मिळाला नाही तर बागेत कडेनं लावतात तो रिओ बघ, पानं वरून हिरवी आणि खालून जांभळी. त्यात १२ गुणसूत्रं असतात, पण सहा जोड्यांऐवजी सगळी टोकाला टोक जोडून एकच मोठं कडं किंवा साखळी करतात, कारण त्याच्या गुणसूत्रांचे तुकडे फार पूर्वी आपापसांत बदलले गेलेत. टोकाला बसणारी गाठ किती घट्ट असते ते त्यात दिसतं. पुष्कळ परागकण मात्र वांझ निघतात, कारण कड्याची वाटणी एकाआड एक अशीच व्हावी लागते आणि दरवेळी ती तशी होत नाही.

रानजाई

मॅडम, चार रेघा काढून बघितल्या. खरंच सुटत नाहीत!

आता यातून दोन शंका. एक, पुरुषात एक्स आणि वाय ही जोडी तर सारखी नसतेच. वाय केवढंसं. मग त्यांची गाठ कुठे बसते? दोन, गाठ बसली, पण सुटायच्या आधीच सैल झाली तर?

कार्मिन

पहिली सोपी आहे. एक्स आणि वाय यांच्या टोकांना थोडासा भाग दोघांतही सारखा असतो. मुख्य तुकडा डीएनएच्या सुमारे २७ लाख अक्षरांचा आहे. गुणसूत्राच्या मानानं अगदी चिंचोळा. शुक्रपेशी तयार होताना त्या चिंचोळ्या जागेत गाठ बसावीच लागते. नाही बसली तर एखाद्या शुक्रपेशीत एक्स आणि वाय दोन्ही जातात. तिच्यापासून मूल झालं तर ते एक्सएक्सवाय, म्हणजे ४७ गुणसूत्रांचं. क्लाइनफेल्टर म्हणतात ते हेच, आणि त्यातले बरेच पुरुष फक्त मूल होत नाही म्हणून तपासणीला जातात तेव्हा त्यांना हे कळतं.

दुसरी शंका फार महत्त्वाची आहे. तिचं उत्तर माणसाच्या अंडपेशीत आहे.

पुरुषात वयात आल्यापासून शुक्रपेशी सतत बनत राहतात. मूळ पेशीपासून शुक्रपेशीपर्यंत सुमारे अडीच महिने लागतात आणि एका पेशीपासून चार शुक्रपेशी मिळतात. स्त्रीचं वेळापत्रक अगदी निराळं. मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते तेव्हा तिच्या अंडाशयात साठ-सत्तर लाख अंडजनक पेशी असतात. त्यांचं मायोसिस तेव्हाच सुरू होतं. प्रत काढून होते, जोड्या जुळतात, गाठी बसतात. आणि तिथेच सगळं थांबतं. जन्माच्या वेळी दहा-वीस लाख उरतात, वयात येताना तीन-चार लाख. त्यातल्या जेमतेम चारशे-पाचशे पुढे जातात. महिन्याला एक पेशी पहिलं विभाजन पुरं करते, तेही अंडं सुटायच्या जरा आधी, आणि दुसऱ्या विभाजनाच्या मध्यावर पुन्हा थांबते. शुक्रपेशी आत शिरली तरच ते पुरं होतं. चार सारखे वाटेही पडत नाहीत. जवळजवळ सगळा पेशीद्रव एका अंड्याला मिळतो, बाकीच्या इवल्याशा ध्रुवीय पेशी विरून जातात. गर्भाला सुरुवातीचे दिवस त्याच साठ्यावर काढायचे असतात.

आता हिशेब कर. ज्या स्त्रीला ३८ व्या वर्षी मूल होतंय, तिच्या त्या अंडपेशीतल्या गाठी ३८ वर्षांहून जुन्या आहेत. त्या टिकवणारं कोहेसिन तिच्या जन्माआधीच बसवलेलं. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय की ते नंतर नव्यानं भरलं जात नाही, वयाबरोबर कमी होत जातं. गाठ सरकते, जोडी वेळेआधी सुटी होते आणि मग वाटणी दैवावर. म्हणजे तू विचारलंस ती 'सैल झालेली गाठ' खरोखर होते आणि तिची किंमत माणसं मोजतात.

काचपट्टी

मी पुण्यात गुणसूत्रांच्या तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून याला जोडून लिहिते.

आमच्याकडे रक्त येतं. पांढऱ्या पेशी तीन दिवस वाढवतो, कोल्चिसिननं विभाजन मधेच थांबवतो, पेशी फुगवून काचेवर टाकतो आणि जिम्साचा रंग देऊन गुणसूत्रं मोजतो, जोड्या लावतो. हे सूत्री विभाजन असतं, मायोसिस नाही. मायोसिसमध्ये झालेली चूक आम्हाला फार नंतर, बाळाच्या रक्तात दिसते. सगळ्यात जास्त वेळा दिसतं ते २१ क्रमांकाचं तिसरं गुणसूत्र. डाउन सिंड्रोमचं हे कारण झेरोम लेज्यून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये जाहीर केलं. माणसात ४६ गुणसूत्रं असतात हे पक्कं कळून तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती.

आईच्या वयाचे ढोबळ आकडे असे: २५ व्या वर्षी सुमारे १२०० जन्मांत एक, ३५ व्या वर्षी ३५० त एक, ४० व्या वर्षी १०० त एक. जास्तीचं गुणसूत्र दहापैकी नऊ वेळा आईच्या अंडपेशीतून आलेलं असतं आणि त्यातही बहुतेक वेळा पहिल्या विभाजनातच चूक झालेली असते. कार्मिनताईंनी लिहिलं त्याच जागी.

पण मला यातून एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. रिपोर्ट घ्यायला घरची माणसं येतात तेव्हा पहिला प्रश्न बऱ्याचदा असतो, 'म्हणजे हिच्यात दोष आहे ना?' नाही. गरोदरपणात काय खाल्लं, ग्रहणात बाहेर गेली का, काम जास्त केलं का, याचा काहीही संबंध नाही. गाठी बसल्या तेव्हा ती स्वतः जन्मलीही नव्हती. आणि तरुण आयांनाही अशी बाळं होतात. एकूण जन्म तरुण वयात जास्त असल्यामुळे डाउन सिंड्रोमची पुष्कळशी बाळं तरुण आयांचीच असतात. तेव्हा वयावरूनही कुणी टोमणे मारू नयेत.

दुसरं म्हणजे, शंभरातल्या तीन-चार बाळांत २१ वं गुणसूत्र सुटं नसतं, दुसऱ्या गुणसूत्राला, बऱ्याचदा १४ व्याला, चिकटलेलं असतं. तिथे आई किंवा वडील यांच्यापैकी कुणाकडे तरी ४५ च गुणसूत्रं असू शकतात आणि तरी ती व्यक्ती पूर्ण निरोगी असते. अशा वेळी आईवडील दोघांचीही तपासणी करावी, कारण पुढच्या बाळाचा सल्ला त्यावर बदलतो. 'एकदा झालं, आता होणार नाही' असं कुणी म्हटलं म्हणून थांबू नका.

फळमाशी

कार्मिनताई, एक आडवा प्रश्न. मी बंगळुरात ड्रॉसोफिला या फळमाशीवर काम करतो. आमच्या नर माशीत क्रॉसिंग ओव्हर होतच नाही. अमेरिकन आनुवंशशास्त्रज्ञ मॉर्गन यांनी १९१२ मध्येच हे दाखवलंय. तरीही नराच्या शुक्रपेशींत वाटणी व्यवस्थित होते. मग 'गाठीशिवाय वाटणी नाही' हे विधान फार सरसकट होत नाही का?

कार्मिन

भाऊ, हा प्रश्न यायलाच हवा होता, बरं झालं आणलात.

अदलाबदल ही गाठ मारायची सगळ्यात जास्त वापरली जाणारी पद्धत आहे. नर ड्रॉसोफिलात दुसरी आहे. तिथे जोडीतल्या (सजातीय) गुणसूत्रांना धरून ठेवणारी वेगळी प्रथिनं असतात आणि ती पश्चावस्था, म्हणजे जोडी दोन ध्रुवांकडे जाण्याची अवस्था, सुरू होईपर्यंत सुटत नाहीत. एक्स आणि वाय यांना रायबोसोमच्या आरएनएची जनुकं असलेल्या जागी जोडलेलं असतं. रेशीमकिड्यात उलटं, तिथे मादीत क्रॉसिंग ओव्हर नसतं. पण पॅकिटीनमध्ये जोडीच्या मध्ये जी प्रथिनांची शिडी बनते, ती एरवी विरून जाते, ती इथे विरत नाही. जाड होऊन पहिल्या विभाजनापर्यंत जोडीला धरून राहते.

म्हणजे जिथे क्रॉसिंग ओव्हर सोडून दिलं, तिथे धरून ठेवायला दुसरं काहीतरी आणावंच लागलं. हेच मला माझ्या बाजूचं सगळ्यात मोठं प्रमाण वाटतं. नुसत्या विविधतेचा प्रश्न असता, तर क्रॉसिंग ओव्हर सोडताना त्याच्या जागी काहीही बसवायची गरज नव्हती.

केळीबाग

राम राम मंडळी. मी रावेर तालुक्यातला शेतकरी, केळी करतो. एवढं सगळं वाचलं, बरंचसं समजलं. माझा प्रश्न जरा वेगळा आहे. आमची जी-नाईन केळी. टिश्यूची रोपं घेतो, नाहीतर मुनवे लावतो. बी कधी पाहिलं नाही, चिरल्यावर मधे काळे ठिपके तेवढे दिसतात. पण सातपुड्याकडं आणि सह्याद्रीत रानकेळ असते तिच्यात गच्च दगडासारखं बी. कृषी विद्यापीठाच्या मेळाव्यात ऐकलं की आपल्या केळीत गुणसूत्रांचे तीन संच असतात म्हणून बी धरत नाही. तिनाचं आणि बियांचं काय नातं? आणि बीच नाही तर नवी जात काढतात कशी? बिनबियांच्या द्राक्षाचंही असंच आहे का?

कार्मिन

दादा, तुमचा प्रश्न वेगळा नाही, याच गाठीचा आहे.

सह्याद्रीच्या कड्यांवर पावसाळ्यात दिसते ती रानकेळ, तिला काही ठिकाणी चवई म्हणतात, ती केळीच्या कुळातलीच पण थोड्या दूरच्या नात्यातली. आपल्या केळीचा खरा रानटी पूर्वज वेगळा. त्याच्यात २२ गुणसूत्रं, म्हणजे ११ प्रकारची, प्रत्येकी दोन. जोड्या जुळतात, वाटणी सरळ होते, परागकणात ११, अंडपेशीत ११, फळात बी.

जी-नाईनमध्ये ३३ आहेत, प्रत्येक प्रकारची तीन. आता तिघं जुळणार कसे? कधी दोघांची गाठ बसते आणि तिसरं एकटं हिंडतं, कधी तिघंही एकमेकांत अडकतात. ओढलं की एका बाजूला दोन, एका बाजूला एक. अकरा प्रकारांत प्रत्येकाचं हे वेगवेगळं ठरतं. सगळ्यांची 'दोन' एकाच बाजूला जाऊन नेमके २२ आणि ११ असे स्वच्छ वाटे पडायची शक्यता १०२४ त एक. बाकी सगळ्या पेशींत कुठलं गुणसूत्र जास्त, कुठलं कमी. असे परागकण आणि अशा अंडपेशी जवळजवळ कामातून गेलेल्या. तुम्हाला दिसणारे काळे ठिपके म्हणजे बी होऊ न शकलेली बीजांडं. फळ मात्र भरतं, कारण परागकण न मिळताही गर भरण्याचा गुण केळीत वेगळा आहे. तो नसता तर तीन संचांच्या झाडाला घड रिकामाच लागला असता. बिनबियांचं कलिंगडसुद्धा तीन संचांचंच: ४४ गुणसूत्रांच्या आणि २२ गुणसूत्रांच्या वेलांचा संकर करून ३३ चं बियाणं बनवतात. फक्त त्याला फळ धरायला शेजारी साध्या कलिंगडाचे परागकण लागतात.

नव्या जातीचं म्हणाल तर वाट निघते ती मायोसिसच्या एका चुकीतून. तीन संचांच्या काही जातींत क्वचित एखादी अंडपेशी वाटणी न करताच तशीच राहते, सगळी ३३ घेऊन. तिच्यावर दोन संचांच्या रोगप्रतिकारक केळीचे परागकण टाकले तर ३३ आणि ११ मिळून ४४ गुणसूत्रांचं रोप होतं. त्याचा पुन्हा २२ वाल्याशी संकर केला की २२ आणि ११, म्हणजे परत ३३ चं, बिनबियांचं झाड. होंडुरासमधल्या संशोधन संस्थेनं अनेक वर्षं हेच केलं. हातानं परागण करायचं, घडच्या घड सोलून गर चाळणीतून गाळायचा आणि त्यातून मोजकं बी मिळवायचं. आपल्याकडे तिरुचिरापल्लीच्या राष्ट्रीय केळी संशोधन केंद्रात केळीच्या संकराचं काम चालतं. पण तुमची जी-नाईन ज्या कॅव्हेंडिश गटातली, त्यात असं बी मिळणं फारच दुर्मीळ. म्हणून या गटात नवं वाण बहुतेक वेळा शेतात आपोआप बदललेलं एखादं वेगळं झाड निवडूनच मिळालेलं आहे.

यातला काळजीचा भाग तुमच्या बागेशी थेट जोडलेला आहे. मायोसिस नाही म्हणजे अदलाबदल नाही, म्हणजे तुमच्या शिवारातली सगळी जी-नाईन आतून एकच झाड. एकाला जो रोग मारेल तो सगळ्यांना मारू शकतो. ग्रोस मिशेल ही जात पनामा मर रोगानं मागच्या शतकात लॅटिन अमेरिकेच्या मोठ्या बागांतून अशीच गेली आणि तिच्या जागी कॅव्हेंडिश आली. आता कॅव्हेंडिशलाही मारणारा त्या बुरशीचा प्रकार बिहारमध्ये आढळलेला आहे. म्हणून ओळखीच्या बागेतूनसुद्धा मुनवे आणताना दहादा विचार करा, दुसऱ्या भागातून तर आणूच नका, आणि टिश्यूची रोपं तपासलेलीच घ्या. बुरशी मातीतून जाते, तेव्हा भाड्यानं येणारा ट्रॅक्टर आणि अवजारं बांधावरच धुवून आत घ्या.

द्राक्षाचं मात्र तसं नाही. थॉम्पसन सीडलेसमध्ये ३८ गुणसूत्रं, दोनच संच. त्यात मायोसिस होतं, परागण होतं, फलनही होतं. बी धरायला लागतं आणि पुढे वाढायचं थांबतं. दाणा चिरून बारीक बघितलंत तर त्या अर्धवट राहिलेल्या बियांच्या खुणा सापडतील. ती बीजांडं वेळेवर काढून प्रयोगशाळेत वाढवली तर त्यांची रोपंही होतात, आणि बिनबियांच्या दोन द्राक्षांचा संकर करायचा असला की हीच पद्धत वापरतात.